ॲप उडू देतं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

गेल्या महिन्यात नदीकाठच्या एका बागेत पहाटे ड्रोन घेऊन गेलो होतो. पाती उघडली, कॅमेऱ्याचं झाकण काढलं, बॅटरीचे चारही दिवे लागले, पुरेसे उपग्रह मिळाले आणि स्क्रीनवर हिरव्या पट्टीत ‘उड्डाणास तयार’ असं आलं. तेवढ्यात बागेचे रखवालदार जवळ आले. ‘‘साहेब, परवानगी आहे का?’’ मी फोन पुढे केला. आदल्या रात्रीच सरकारी नकाशावर जागा तपासली होती, क्षेत्र मोकळं दिसत होतं, त्याचा स्क्रीनशॉटही होता. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, ‘‘हे वरचं झालं. पण उडवणार इथून, उतरवणारही इथंच. बागेचा कागद कुठंय?’’

मी मुकाट्याने ड्रोन बॅगेत ठेवला, कारण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

‘या शहरात ड्रोन चालतो का?’ असं मला बरेच जण मेसेज करून विचारतात. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देताच येत नाही. हवा कोणाच्या अखत्यारीत आहे हा एक प्रश्न. तुम्ही ज्या जमिनीवर उभे आहात ती कोणाची, हा दुसरा. आणि आज, या क्षणी तिथे काही तात्पुरती बंदी लागू आहे का, हा तिसरा. बहुतेक जण पहिल्याचं उत्तर मिळालं की निघतात.

अमेरिकेत हा फरक अगदी उघड दिसतो. तिथे हवाई क्षेत्र केंद्रीय विमान प्रशासनाकडे, म्हणजे एफएएकडे आहे. पण ड्रोन जमिनीवरून कुठून उचलायचा आणि कुठे उतरवायचा, हे शहर ठरवू शकतं. न्यूयॉर्कमध्ये ठरवून दिलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर शहराच्या हद्दीत ड्रोन उडवणं वर्षानुवर्षं बंदच होतं. जुलै २०२३ मध्ये तिथे पोलिसांकडून परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे एफएएची मंजुरी खिशात असली तरी शहराचा परवाना वेगळा घ्यावाच लागतो.

आता उंचीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. भारत, अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे साधारण मर्यादा १२० मीटर म्हणजे ४०० फूट आहे. हा आकडा उगाच आलेला नाही. मोकळ्या भागात विमानांनी साधारणपणे ५०० फुटांच्या खाली यायचं नाही असा जुना नियम आहे, दाट वस्तीवर तर सर्वांत उंच अडथळ्याच्याही १००० फूट वर. म्हणून ४०० आणि ५०० यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी राखलेली आहे. पण हेलिकॉप्टरना या नियमातून बऱ्याच सवलती असतात. रुग्णालयाच्या छतावर उतरणारं हेलिकॉप्टर तुमच्या ड्रोनच्याच उंचीवरून येतं.

त्यातही एक खाचखळगा आहे. स्क्रीनवरचा उंचीचा आकडा तुम्ही जिथून ड्रोन उचलला तिथून मोजलेला असतो. कायदा मोजतो तो ड्रोनच्या थेट खालच्या जमिनीपासून. साठ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून उडवलात, स्क्रीनवर १०० दिसतंय म्हणून निर्धास्त राहिलात आणि ड्रोन रस्त्यावर नेलात, की तो प्रत्यक्षात १६० मीटरवर असतो. कसलीही सूचना वाजत नाही. गच्चीवरून उडवणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो आणि दर वेळी समोरच्याला ते नवीनच असतं.

विमानतळाजवळ काय, हे तसं सगळ्यांना ठाऊक आहे, पण ‘जवळ’ म्हणजे किती हे नसतं. ब्रिटनमध्ये विमानतळाभोवती दोन ते अडीच सागरी मैलांचं वर्तुळ असतं, शिवाय धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे पाच किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद असे पट्टे. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवं, पिवळं आणि लाल असे विभाग आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा विभाग आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर पिवळा. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल विभागात केंद्र सरकारची. मोठ्या शहरात विमानतळ वस्तीच्या मधोमध आलेला असतो, त्यामुळे अर्धंअधिक शहर यातच मोडू शकतं. अमेरिकेत विमानतळाजवळच्या नकाशावर चौकोन असतात आणि प्रत्येकात उंचीचा फुटांतला एक आकडा, ४००, २००, ५०, काहींत शून्य. त्या आकड्याच्या आत असाल तर ॲपमधून अर्ज केल्यावर मंजुरी बहुधा काही क्षणांत येते. मला ही पद्धत मनापासून आवडते. नियम कडक आहे, पण विचारणाऱ्याला उत्तर मिळतं.

तिसऱ्या, म्हणजे तात्पुरत्या बंदीच्या प्रश्नाबद्दल बोलायचं तर मला २१ सप्टेंबर २०१७ ची एक घटना सांगायलाच हवी. ब्रुकलिनमधल्या एका बागेतून एकाने संध्याकाळी फँटम ४ उडवला आणि सुमारे अडीच मैल दूर समुद्रावर नेला. इतक्या लांबचा ड्रोन डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रांची महासभा होती, म्हणून तिथे तात्पुरती उड्डाणबंदी होती. स्टेटन बेटाजवळ साधारण ३०० फुटांवर तो ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या पंख्यावर आदळला. पंख्याच्या पात्याला खोक पडली आणि ड्रोनची एक मोटर हेलिकॉप्टरमध्येच अडकलेली सापडली. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. ड्रोनवाल्याला वाटलं, काहीतरी बिघडून ड्रोन पाण्यात पडला असेल. टक्कर झाली हे त्याला कळलं ते तपास यंत्रणेने संपर्क साधल्यावर.

चौकशीत जे बाहेर आलं ते मी कधी विसरू शकत नाही. बंदी असेल तर ड्रोन चालवण्याचं ॲप सांगेलच, असं तो धरून चालला होता. ॲपमधली तात्पुरत्या बंदीची सूचना देणारी सोय नेमकी त्या काळात बंदच होती. शिवाय त्याच्या टॅबलेटला इंटरनेटही नव्हतं. तो माणूस मुद्दाम कायदा मोडायला निघाला नव्हता. माझ्या ओळखीतले निम्मे ड्रोनवाले आजही तेच धरून चालतात, म्हणून मला त्याची भीती वाटते.

आणि आता तर ॲप अडवतही नाही. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने आधी युरोपात २०२४ मध्ये आणि मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत, बंदीच्या क्षेत्रात ड्रोन उचलूच न देणारं कुंपण काढून टाकलं. आता नुसती सूचना येते आणि ती बाजूला सारून पुढे जाता येतं. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसला वणवा पेटला होता. एकाने गाड्यांच्या बहुमजली तळाच्या वरच्या मजल्यावरून ड्रोन सोडला, अडीच किलोमीटरहून लांब नेला आणि तो नजरेआड गेला. कॅनडाहून मदतीला आलेल्या, आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला त्याने भोक पडलं. आग धुमसत असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसून राहिलं. तिथेही तात्पुरती बंदी होतीच. हे वाचल्यावर ‘फक्त पाच मिनिटं उडवतो’ हे वाक्य मला सहन होत नाही.

हलक्या ड्रोनबद्दलही थोडं. ‘माझा २४९ ग्रॅमचा आहे, मला काही लागू नाही’ हे ठिकठिकाणी ऐकू येतं. २५० ग्रॅमच्या आत बऱ्याच देशांत नोंदणी किंवा परीक्षेत सूट असते, एवढंच खरं. उंचीचा, विमानतळाचा, बंदीचा नियम बहुतेक ठिकाणी वजन विचारत नाही. युरोपात ड्रोन खेळण्यात मोडत नसेल आणि त्याला कॅमेरा असेल तर २५० ग्रॅमच्या आतल्याच्या मालकालाही नोंदणी करावी लागते. जपानमध्ये २०२२ पासून नोंदणी १०० ग्रॅमपासूनच आहे. तिथे दाट वस्तीवर उडवायलाही परवानगी लागते. २०१५ मध्ये जपानच्या पंतप्रधान कार्यालयाच्या छतावर किरणोत्सर्गी वाळू घेतलेला ड्रोन सापडला आणि त्याच वर्षी तिथे कायदा बदलला.

नियम हवेतच, त्यात मला शंका नाही. माझी तक्रार ते सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. हवेचा नकाशा एका ठिकाणी, बागा-मैदानांचे नियम दुसऱ्या खात्याच्या कुठल्यातरी पानावर, आणि पोलिसांचे तात्पुरते आदेश तिसरीकडे. भारतातल्या मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त ठरावीक दिवसांसाठी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, ते बऱ्याचदा वर्तमानपत्रातूनच कळतात. एका कार्यालयात मी परवानगीची चौकशी करायला फोन केला, तर चार टेबलांवर फिरून पुन्हा पहिल्याच माणसाकडे आलो. प्रामाणिकपणे विचारणाऱ्याची इतकी दमछाक झाली की पुढच्या वेळी तो विचारत नाही, गुपचूप उडवतो. आदेश निघाला की त्याच तासाला तो नकाशावर दिसला पाहिजे आणि जमिनीचे नियमही त्याच नकाशावर आले पाहिजेत. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

तोवर मी हे असं करतो. आदल्या रात्री सरकारी नकाशा, सकाळी निघताना पुन्हा तोच नकाशा आणि तात्पुरत्या आदेशांची यादी, जागेच्या मालकाची लेखी परवानगी छापून खिशात. सोबत एक माणूस, ज्याची नजर स्क्रीनवर नाही तर ड्रोनवर आणि आजूबाजूच्या आकाशावर. परतीची उंची, म्हणजे संपर्क तुटल्यावर ड्रोन आपोआप ज्या उंचीवरून परत येतो ती, आसपासच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा जास्त ठेवलेली, पण मर्यादेच्या आत. दोन्ही जमत नसेल तर तिथे उडवायचंच नाही.

त्या बागेचा कागद नऊ दिवसांनी मिळाला. पहाटे पुन्हा गेलो, तेच रखवालदार होते. त्यांनी कागद वाचला, तारीख आणि वेळ पाहिली आणि फिरायला आलेल्या चार-पाच जणांना स्वतःहून बाजूला उभं केलं. मी ड्रोन सत्तर मीटरवर नेला आणि अकरा मिनिटांत उतरवला. नदीवरचं धुकं नुकतंच विरत होतं. पुलाच्या पलीकडून एक हेलिकॉप्टर आलं, पण त्याआधीच माझ्या सोबतीने हात वर केला होता आणि ड्रोन गवतावर होता.