उद्यमबागेतून तांबडा समुद्र

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांची झळ सामान्य माणसाला लागत नाही, हे तुमच्या त्या हल्ल्यांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत येऊन फौंड्रीवाल्यांना (धातू ओतून भाग बनवणाऱ्यांना) विचारा. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारा माल सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागला. १०-१४ दिवस जास्त, जहाजाचं भाडं वाढलं, विमा वाढला. माझा भाऊ एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) पेट्या बांधून तयार, पण कंटेनर मिळेना! त्याचा ओव्हरटाइम गेला तो तेव्हाच. बाब-अल-मंदेब ही तांबड्या समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी आम्ही तेव्हा नकाशात शोधली (एरवी सीमा म्हटलं की आमचं डोकं महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पुढं जातच नाही). लेखात क्षेपणास्त्रांची माहिती भरपूर, भाड्यावर मात्र एक ओळ नाही.