मोठ्या फाइलींविषयी फिरणारा संदेश आणि त्यातील चुका

कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर मोठ्या फाइली पाठवण्याचे आणि उतरवून घेण्याचे ‘सोपे नियम’ सांगणारा मजकूर पुन्हा पुन्हा येत असतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सार एकच असते. वेगवान प्लॅन घ्या आणि तेवढा वेग दिसला नाही तर कंपनी फसवते आहे असे समजा. डाउनलोड मॅनेजर टाका, म्हणजे वेग पाचपट होईल. मध्येच नेट गेले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. फाइल झिप करा, म्हणजे ती निम्मी होईल. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, दर्जा जातो. ड्राइव्हची लिंक द्या, ती सुरक्षित असते. टोरंट बेकायदेशीर आहे. आणि शंभर टक्के डाउनलोड झाले की काम संपले.

हे वाचून त्याप्रमाणे वागणारी माणसे बहुधा पहिल्यांदाच एवढी मोठी फाइल हाताळत असतात. परदेशातील मुलीला लग्नाचे चित्रीकरण पाठवू पाहणारे आईवडील, दिवाळी अंकाची पीडीएफ छापखान्यात पोहोचवणारा संपादक, गावाकडच्या जमिनीची कागदपत्रे वकिलाकडे पाठवणारा भाऊ, अशांचे नुकसान होऊ नये म्हणून यातील प्रत्येक दावा तपासणे मला आवश्यक वाटते. या मजकुरावरचा माझा मुख्य आक्षेप असा की, तो वेगाला अवास्तव महत्त्व देतो आणि फाइल अखंड पोहोचली का, तीच फाइल पोहोचली का आणि ती आणखी कोणाच्या हाती लागली का, या तीन प्रश्नांकडे जवळजवळ पाठ फिरवतो.

पहिला दावा वेगाचा. ‘१०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये १ जीबीची फाइल १० सेकंदांत उतरायला हवी,’ असे गणित त्यात दिलेले असते. इंटरनेट कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजला जातो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएस याचा अर्थ सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट, आणि १ जीबीच्या फाइलीला सर्व काही सुरळीत असताना सुमारे ८० सेकंद लागणारच. त्यात कोणाची फसवणूक नाही. शिवाय अनेक प्लॅनमध्ये फाइल चढवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. चढवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल, तर ४ जीबीचे चित्रीकरण वर जायला जवळपास २७ मिनिटे लागतील आणि समोरच्याकडे कितीही चांगले नेट असले, तरी या वेळेत फरक पडणार नाही.

कंपनीकडून कमी वेग कधीच मिळत नाही, असे माझे म्हणणे नाही. मात्र तक्रार करण्यापूर्वी संगणक केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. अनेक जुन्या राउटरचे केबलचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असते, त्यामुळे प्लॅन ३०० चा घेतला तरी त्या पोर्टमधून १०० च्या पुढे काही जात नाही. भिंतीपलीकडच्या वायफायवर मोजलेला वेग तर तक्रारीचा पुरावाच होऊ शकत नाही.

डाउनलोड मॅनेजरविषयीच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. ही सॉफ्टवेअरे एकाच फाइलीचे तुकडे अनेक जोडण्यांवरून एकाच वेळी मागवतात. ज्या सर्व्हरने, म्हणजे फाइल ठेवलेल्या दूरच्या संगणकाने, प्रत्येक जोडणीच्या वेगावर मर्यादा घातलेली असते, तेथे याचा फायदा होतो. पण तुमच्या घरी येणाऱ्या जोडणीची क्षमता त्याने वाढत नाही. ती आधीच पूर्ण वापरली जात असेल तर पाचपट सोडाच, सव्वापटही वाढ दिसणार नाही. नवख्या माणसाला खरा धोका वेगळाच असतो. अशी सॉफ्टवेअरे शोधताना ‘डाउनलोड’ लिहिलेली चार-चार ठळक बटणे असलेल्या पानांवर तो पोहोचतो, आणि त्यांतील बहुतेक बटणे जाहिरातींची असतात. कोणतेही सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे.

‘नेट गेले की पुन्हा पहिल्यापासून’ हा सल्ला लोकांचा वेळ आणि डेटा दोन्ही वाया घालवतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकातच फाइलीचा ठरावीक भाग मागण्याची सोय आहे. ब्राउझर सर्व्हरला सांगू शकतो की माझ्याकडे इथपर्यंतचा भाग आला आहे, पुढचा दे; आणि सर्व्हर तयार असेल तर तेवढाच भाग पाठवतो. डाउनलोड चालू असताना फोल्डर उघडून पाहिले, तर क्रोममध्ये अर्धवट फाइलीच्या नावामागे ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ असे शेपूट लागलेले दिसते. ही फाइल पुसू नये आणि तिचे नाव बदलून ती उघडण्याचा प्रयत्नही करू नये. आधी ब्राउझरच्या डाउनलोड यादीत जाऊन पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबून पाहावे. काही ठिकाणी ते चालणार नाही: लिंकची मुदत संपलेली असेल, किंवा सर्व्हर ती फाइल मागणीनुसार त्या क्षणी तयार करून देत असेल. गूगल ड्राइव्हवरील अख्खे फोल्डर उतरवताना ड्राइव्ह त्याच्या झिप फाइली बनवून देतो, मोठ्या फोल्डरच्या तर एकाहून अधिक बनवतो. तेथे नेट वारंवार तुटत असेल, तर फोल्डरऐवजी एकेक फाइल उतरवणे अधिक खात्रीचे ठरते.

झिप केल्याने फाइल निम्मी होते, हा समज इतका रुजला आहे की छापखान्यांकडेही झिप केलेली छायाचित्रे येतात. झिपचे तंत्र फाइलीतील पुनरावृत्ती शोधून ती थोडक्यात लिहून ठेवते. साधा मजकूर, हिशेबाचे तक्ते, जुन्या प्रकारची दस्तऐवजे यांत पुनरावृत्ती भरपूर असते, म्हणून त्या फाइली खरोखरच खूप लहान होतात. जेपेग छायाचित्र, एमपी ४ चित्रीकरण आणि एमपी ३ ध्वनिमुद्रण हे प्रकार मात्र मुळातच आकुंचित केलेले असतात. २ जीबीच्या चित्रीकरणाची झिप जवळपास २ जीबीचीच होते. मग झिप करूच नये का? शंभर छायाचित्रे एका गठ्ठ्यात जावीत, दिवाळी अंकाची पाने, त्यांतील चित्रे आणि फॉन्ट एकत्र राहावेत, यासाठी झिप अतिशय उपयोगी आहे. फक्त आकार घटण्याची अपेक्षा ठेवू नये.

येथेच एक गंभीर इशारा देणे मला भाग आहे. झिपने आकार घटत नाही असे दिसल्यावर अनेक जण पीडीएफ लहान करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांकडे वळतात. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा अशा ठिकाणी लहान करून घेतला, की फाइलीतील मजकूर नव्याने लिहिला जातो आणि ती स्वाक्षरी वैध राहत नाही. कागद डोळ्यांना तसाच दिसतो, परंतु स्वाक्षरी तपासणाऱ्याला तो प्रमाणित म्हणून स्वीकारता येत नाही. झिपमध्ये असे होत नाही, कारण झिप उलगडल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळते. आणि स्वाक्षरी बाजूला ठेवली, तरी आपल्या जमिनीचा, बँकेचा किंवा आधारचा कागद कोणाच्या सर्व्हरवर जाऊन पडतो आहे, हे ठाऊक नसताना तो चढवणे मला अत्यंत बेजबाबदार वाटते.

व्हॉट्सॲपवर दर्जा जातो, हे अर्धे खरे आहे. गॅलरीतून निवडून छायाचित्र किंवा चित्रीकरण म्हणून पाठवले, तर ॲप ते लहान करते. एचडी पर्याय निवडला तरी काही प्रमाणात करतेच. पण तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली, तर ती मूळ रूपात जाते. २०२२ पासून अशा फाइलीची मर्यादा १०० एमबीवरून २ जीबीपर्यंत वाढवण्यात आली आहे. घरच्या बहुतेक गरजांना एवढे पुरते. याउलट ई-मेलविषयी हा संदेश काहीच बोलत नाही. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे आणि फाइल ई-मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते, त्यामुळे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या फाइलीसाठी ई-मेलवर विसंबू नये.

आता लिंक. ‘ड्राइव्हची लिंक सुरक्षित असते’ हे विधान मला या सगळ्या मजकुरात सर्वाधिक धोक्याचे वाटते. गूगल ड्राइव्हवर फाइल सामायिक करताना दोन मुख्य पर्याय दिसतात: ठरावीक ई-मेल पत्त्यांपुरती परवानगी, किंवा लिंक असलेल्या कोणालाही परवानगी. घाईत दुसरा पर्याय निवडला जातो, कारण पहिल्यात समोरच्याचा पत्ता लिहावा लागतो आणि तो नेमक्या त्याच खात्याने आत शिरला नाही, तर ‘परवानगी मागा’ असा फलक येऊन फोनाफोनी सुरू होते. पण दुसऱ्या पर्यायातील लिंक म्हणजे पायरीखाली ठेवलेली घराची किल्ली आहे; ती ज्याला सापडेल त्याला दार उघडते. ती लिंक एका गटावरून दुसऱ्या गटावर पुढे पाठवली गेली, तर ती कोणी उघडली याची माहिती तुम्हाला मिळतेच असे नाही. लग्नाच्या छायाचित्रांसाठी कदाचित तुम्हाला ते चालेल. खरेदीखत, वैद्यकीय अहवाल, मुलांची चित्रफीत यांसाठी चालू नये. ई-मेल पत्ता विचारून परवानगी द्यावी, ती फक्त पाहण्यापुरती आहे की बदल करण्याचीही आहे हे डोळ्यांखालून घालावे, आणि काम झाल्यावर ती काढून घ्यावी. ड्राइव्हची मोफत १५ जीबी जागा जीमेल आणि गूगल फोटो यांनाही मिळून असते, हेही लक्षात ठेवावे. चित्रीकरणांनी ती भरली की येणारे ई-मेलही अडू शकतात.

फाइल जर त्याच घरातील दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर न्यायची असेल, तर इंटरनेटची गरजच नसते. अँड्रॉइडवर क्विक शेअर, ॲपलच्या उपकरणांत एअरड्रॉप आणि दोन्हींवर चालणारे लोकलसेंड ही साधने फाइल थेट एका उपकरणातून दुसऱ्यात नेतात. संदेशाच्या काही आवृत्त्यांत शेअरइट आणि झेंडर या फाइल पाठवण्याच्या ॲपची एपीके (अँड्रॉइड ॲप बसवण्याची) फाइल ‘कोठून तरी’ मिळवून टाकण्याचा सल्ला असतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती, आणि अनोळखी जागेवरून आलेली एपीके टाकणे हा स्वतंत्र धोका आहे.

टोरंटबद्दलचे विधान सरळ चुकीचे आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेले बिटटोरंट हे फाइल पोहोचवण्याचे एक तंत्र आहे. डेबियन ही संगणक प्रणाली आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर यांच्या फाइली त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून टोरंटने मिळतात, इंटरनेट आर्काइव्हवरील जुनी पुस्तकेही मिळतात. स्वामित्व हक्क असलेला चित्रपट परवानगीशिवाय उतरवणे आणि वाटणे मात्र कोणत्याही मार्गाने केले तरी बेकायदेशीरच राहते.

उरला शेवटचा दावा, की शंभर टक्के दिसले म्हणजे काम झाले. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या संगणक प्रणालीच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी डाउनलोडची लिंक बदलली आणि लोकांना छेडछाड केलेली फाइल मिळू लागली. ज्यांनी ती घेतली, त्यांच्याही पडद्यावर डाउनलोड शंभर टक्केच झाले होते. म्हणूनच अशा मोठ्या फाइलींसोबत तिचा ‘शा-२५६’ (एसएचए-२५६) ठसा दिलेला असतो: ० ते ९ हे अंक आणि इंग्रजीतील पहिली सहा अक्षरे यांनी बनलेली ६४ चिन्हांची ओळ. फाइलीतील एक बिट जरी बदलला, तरी ही ओळ पूर्णपणे वेगळी येते. विंडोजवर सेव्हन-झिप हे झिप करण्याचे सॉफ्टवेअर असेल, तर फाइलीवर राइट-क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ या पर्यायातून ती ओळ काढता येते आणि संकेतस्थळावरील ओळीशी ताडून पाहता येते. संकेतस्थळच ताब्यात गेले असेल, तर तेथील ठसाही बदललेला असू शकतो. म्हणून शक्य असेल तेथे तो दुसऱ्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावा. घरगुती फाइलींसाठी एवढे करण्याची गरज नाही. दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत सारखा आहे का हे पाहणे आणि चित्रीकरण शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून चालवून पाहणे बहुधा पुरेसे होते.

संदेशाच्या तळाशी कधी कधी एक पुरवणी असते: ३२ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ५ जीबीची फाइल बसली नाही, तर पेन ड्राइव्ह बनावट आहे. बनावट पेन ड्राइव्ह बाजारात आहेत, पण हे त्याचे लक्षण नव्हे. अशा पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ या पद्धतीने फॉर्मॅट केलेल्या असतात आणि तीत एका फाइलीची कमाल मर्यादा ४ जीबीच्या आत असते. आतील मजकूर दुसरीकडे सुरक्षित ठेवून ती एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट केली, की तीच फाइल विनातक्रार बसते.

आणि नेटवरून फाइल जात नसेल, तर पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क हाताने नेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कृष्णविवराची पहिली प्रतिमा ज्यातून मिळाली, त्या २०१७ च्या निरीक्षण मोहिमेत दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीने गोळा केलेली माहिती इतकी प्रचंड होती की ती हार्ड डिस्कवरच न्यावी लागली, आणि तेथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत त्या डिस्क तेथेच थांबून राहिल्या. प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगापुढे आली. तुमच्या चित्रीकरणाला इतका काळ लागणार नाही. मात्र ते कोणत्याही मार्गाने पाठवले, तरी समोरच्याने फाइल उघडून, पाहून, तिची स्वतःकडे दुसरी प्रत ठेवल्याचे कळवेपर्यंत आपल्याकडची मूळ प्रत पुसू नये.