मुंबई आत्याच्या ताब्यात

गणपतीला गावी गेलो आणि आरती होते न होते तोच लाइट गेली. मोबाइलांनी एकेक करून माना टाकल्यावर काकूने माळ्यावरून 'व्यापार'चा खोका काढला, परकराच्या नाडीने बांधलेला. आत नोटा होत्या, फासे होते, सोंगट्या मात्र दोनच. बाकीच्यांची सोय चिंचोका, शर्टाचं बटण आणि आजोबांची बीपीची गोळी अशी झाली. (गोळी शेवटी सापडली नाही.)

नियमांचा कागद कसरीने खाल्लेला, म्हणजे मजेची हमीच. जेलमधून सुटायचं कसं, यावर पाऊण तास गेला. "आमच्याकडे पाचशे भरले की सोडतात," बायको म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी 'आमच्याकडे' म्हणजे अजून सांगलीच.

आत्या पतपेढीतून रिटायर झालेली, त्यामुळे बँक तिच्याकडे. मी कर्ज मागितलं, तर म्हणाली, "जामीनदार कोण?" पाच वर्षांची पुतणी कच्चा लिंबू. तिच्याकडून भाडं घ्यायचं नाही, असं ठरलं. तासाभरात दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता कच्च्या लिंबाच्या नावावर!

या खेळाचं मूळ मोनोपोलीत आणि मोनोपोलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात. जमिनी बळकावून बसलेले मालक भाडेकरूंना कसे नागवतात हे लोकांना कळावं, म्हणून बाईंनी तो काढला आणि 1904 मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. आमच्या घरात सगळ्यांना नेमकं मालक व्हायचं होतं. बँक सांभाळता सांभाळता आत्याने मुंबई घेतली, तिच्यावर हॉटेल बांधलं आणि माझं बटण दर फेरीला तिथेच जाऊन पडायला लागलं. खऱ्या मुंबईत वन बीएचकेचे हप्ते भरतोय, इथे तरी सोडा की! मी "रडीचा डाव" म्हणालो, तर दादाने मी 1994 साली पट उधळल्याची आठवण काढली. साक्षीला काकू होतीच.

साडेबाराला लाइट आली. चार्जरकडे एकही जण धावला नाही. पण डोक्यावरचा पंखा पाचवर राहिला होता. नोटा देवघरापर्यंत उडाल्या, आत्या "बँक! बँक!" करत पटावर आडवी झाली आणि खेळ बुडाला. मी मनातल्या मनात बाप्पाला हात जोडले.

सकाळी चहाचा कप पुढे करत आत्या हळूच म्हणाली, "मुंबईचं भाडं राहिलंय हो."