द्वारपोच, पण कुणाच्या दारात?

रेशनच्या कारभारात ‘द्वारपोच’ हा शब्द उठता-बसता ऐकू येतो. त्यातलं दार दुकानदाराचं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानेच धान्य रास्त भाव दुकानाच्या दारात पोचवायची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. तिथून घरापर्यंतचं कार्डधारकाने बघायचं. धडधाकट माणसाला त्यात काही वाटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं अंत्योदयचं (सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाचं) ३५ किलो मात्र तिथेच अडतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, पण फुकटचं पोतंही कुणीतरी उचलून आणावंच लागतं.

घरपोच रेशनचा विषय निघाला की लोक आधी गाड्या मोजायला लागतात. आंध्र प्रदेशने तेच केलं. जानेवारी २०२१ मध्ये ९,२६० गाड्या रस्त्यावर आणल्या, जून २०२५ पासून बंद केल्या आणि घरपोच सोय ठेवली ती ६५ वर्षांवरच्यांना आणि दिव्यांगांना. आधीच एवढ्यांपुरतं केलं असतं तर? तमिळनाडूने ऑगस्ट २०२५ मध्ये सुरुवातच सत्तरीपुढच्यांपासून आणि दिव्यांगांपासून केली. केरळात तर काही ठिकाणी रिक्षावालेच धान्य पोचवतात.

मुळात धान्य घेताना दुकानातल्या पॉस मशीनवर कार्डावरच्या कुठल्याही सदस्याचा अंगठा चालतो. पाच माणसांच्या घरात कुणीतरी जातंच. खरी अडचण एकट्याच्या कार्डाची, नाहीतर दोघंही म्हातारे असलेल्या कार्डाची. एका दुकानामागे अशी घरं मोजकीच निघतात, आणि ती कुठली हे आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असतं. सर्वेक्षणाचा घाट घालायची काही गरज नाही.

आता पैशाचं बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातं. महाराष्ट्रात दुकानदाराला क्विंटलमागे १७० रुपये मार्जिन मिळतं. म्हणजे अंत्योदय नसलेल्या एकट्या माणसाच्या ५ किलोवर साडेआठ रुपये, आणि अंत्योदयच्या पूर्ण कार्डावर साडेएकोणसाठ. धरा, यादीत २० घरं आहेत : १४ घरी पाच-पाच किलो, ६ घरी पस्तीस. एकूण २८० किलो, मार्जिन ४७६ रुपये. माल छोट्या तीनचाकी टेम्पोत आरामात बसतो, पण टेम्पोचं दिवसाचं भाडं, एक हमाल आणि दुकान बंद ठेवल्याचं नुकसान ४७६ मध्ये बसवून दाखवा. तेव्हा दुकानदाराला ‘माणुसकी दाखवा’ म्हणणं सोपं आहे. दर घरामागे वेगळा पोच-भत्ता द्या आणि तो मशीनवरच्या नोंदीला जोडा. तेवढं झालं तर नवीन गाडी एकही नको.

वेळ खातो तो अंगठा. पॉस मशीन हातात मावतं, बॅटरीवर चालतं, घरी नेता येतं. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपणी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात म्हातारपणाची कोरडी कातडी. नुसतं दाबून धरलं की ठसा आणखी पसरतो. हात कोमट पाण्याने धुवायचा, पुसायचा, किंचित ओल राहू द्यायची. मशीनची काच कोरड्या फडक्याने पुसायची. बोट सपाट आणि हलकं टेकवायचं. अंगठा नाही लागला तर डाव्या हाताची अनामिका बघायची, ती बहुधा कमी झिजलेली असते. जे बोट लागेल ते यादीत त्या नावापुढे लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या महिन्यात दहा बोटांची वरात नको. डोळ्याचा स्कॅनर असेल तर उत्तम, पण मोतीबिंदू असला की कधी कधी तोही चकवतो. ओटीपीवर फार भिस्त नको : नंबर पुण्यातल्या मुलाचा, आणि मुलगा मीटिंगमध्ये. त्यात रेंज गेली की घराच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. एका घराला वीस मिनिटं धरली तर वीस घरांत सगळा दिवस जातो.

यावर नॉमिनीचा तोडगा आहे : कार्डधारकाच्या वतीने ठरलेला माणूस अंगठा देतो. सोय चांगली आहे, पण तोच माणूस ३५ ची पावती घेऊन घरी २५ टाकून गेला तर आजी कुणाला सांगणार? म्हणून मशीनची छापील पावती पिशवीसोबत घरी गेलीच पाहिजे आणि दारात वजन झालंच पाहिजे. त्याला मोठा काटा लागत नाही. हुकाला टांगायचा ५० किलोचा डिजिटल काटा खिशात मावतो. आधी रिकामी पिशवी टांगून शून्य करायचं, मग भरलेली. काटा आजीला दिसेल असा धरायचा, आणि आकडा मोठ्याने वाचायचा.

धान्य पाच-पाच किलोच्या पिशव्यांत न्यावं. अख्खं पोतं उंबऱ्यात टाकलं तर ते तिथेच राहतं, आजी ते हलवू शकत नाही, आणि आठवड्यात उंदीर पोचतात. तारीखही ठरलेली हवी आणि ती माल दुकानात आल्यानंतरची हवी. महिना उलटला की न उचललेलं धान्य साधारणपणे बुडतं. शेवटच्या आठवड्यावर ढकललं आणि सर्व्हर रुसला, की तो महिना गेला.

आणि गहू म्हणजे भाकरी-पोळी नाही. दळण गिरणीतून कोण आणणार, याचा विचार घरपोच योजनांमध्ये फारसा दिसत नाही. पावसाळ्यात महिन्याभराचं पीठ एकदम दळलं तर जाळी धरतं. त्यामुळे एकट्या माणसाला दोन-अडीच किलोच दळून द्यावं, बाकी गहू तसाच ठेवावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा डबा गिरणीत न्यावा. टेम्पोवाल्याला हे जमणार नाही. शेजारच्या कॉलेजच्या पोराला सायकलवर जमेल, आणि दळणाचे पैसेही त्याच पोच-भत्त्यात धरावेत.