आंबोली घाट, थरथरणारे स्टिअरिंग आणि तीन संध्याकाळचा वाद

बेळगावात टिळकवाडीतल्या आरपीडी क्रॉसजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात लागोपाठ तीन संध्याकाळी जो वाद चालला, त्याला कारण माझी गाडी होती. सावंतवाडी ही माझी सासुरवाडी असल्यामुळे वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी ओलांडून आंबोली घाट उतरणे हे महिन्या-दीड महिन्याने ठरलेले असते. या पावसाळ्यात दोन वेळा असे झाले की सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरू लागे, आणि दुसऱ्या खेपेला तर घाटाच्या शेवटच्या वळणांवर पॅडल नेहमीपेक्षा खोल गेले. मागच्या सीटवर दोन्ही मुले झोपलेली होती. त्या वळणांवर माझ्या तळहातांना सुटलेला घाम मी अजून विसरलेलो नाही.

ज्या गॅरेजात गेल्या वर्षी चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्क लेथवर फिरवून सपाट करून घेतल्या होत्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे स्वस्तातले पॅड घातले होते, तिथेच मला "डिस्क वाकली आहे, नवी टाका" असे सांगण्यात आले. पैसे घालण्याआधी चार जाणत्यांना विचारावे, म्हणून मी उतरवलेल्या दोन्ही डिस्क आणि जुने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून कट्ट्यावर नेले.

अण्णा चोर्ला घाटातून गोव्याला प्रवासी गाडी चालवतात आणि त्यांचा शब्द आमच्यात वजनदार मानला जातो. त्यांनी पहिल्याच घोटाला निकाल दिला: भोके पाडलेली, चरे मारलेली डिस्क घे आणि तिच्याबरोबर कडक पॅड टाक. मोठ्या गाड्यांना तशाच डिस्क असतात, भोकांतून वारा खेळतो आणि पाणी निघून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. उद्यमबागेत वीस वर्षे मशीन शॉपमध्ये काढलेल्या आणि ज्यांना आम्ही सारे दाजी म्हणतो त्यांनी मात्र मान हलवली. ते म्हणाले, "अण्णा, ही डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. तिच्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो, म्हणून ती उष्णता भराभर वाहून नेते आणि आवाजही दाबते. पण हाच लोखंडाचा प्रकार ताणाला कच्चा. भोक पाडले की चीर तिथूनच सुरू होते."

त्यांचे पुढचे म्हणणे मला अधिक पटले. भोकांची गरज मुळात जुन्या काळातल्या पॅडमुळे निर्माण झाली होती. तापल्यावर त्यांच्यातून वायू सुटे आणि तो पॅड व डिस्क यांच्यामध्ये अडके. आजच्या पॅडमध्ये हा प्रश्न फारसा उरलेला नाही. उलट भोकांमुळे डिस्कचे वजन घटते, म्हणजे उष्णता साठवायला लोखंडच कमी उरते, आणि आमच्याकडच्या तांबड्या मातीच्या चिखलात भोके बुजतात ती वेगळीच. चऱ्यांच्या बाबतीत मात्र दाजींनी अण्णांना अर्धे मान्य केले. मुसळधार पावसात चऱ्यांची डिस्क पहिल्या दाबाला थोडी लवकर पकडते, हे खरे. पण त्यासाठी पॅड लवकर झिजवून घेणे आणि खरखर ऐकत राहणे त्यांना मंजूर नव्हते.

याच ठिकाणी आमचे सर बोलू लागले. ते निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक. गणित मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि त्या दिवशी त्यांनी मांडलेले गणित मी वहीत उतरवून घेतले. माणसांसकट बाराशे किलोची गाडी आंबोलीवरून खाली अंदाजे साडेपाचशे मीटर उतरते, तेव्हा तिची सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते; म्हणजे जवळजवळ पावणेदोन युनिट वीज. ऐंशीच्या वेगातून गाडी एकदा पूर्ण थांबवायला सुमारे तीन लाख ज्यूल जिरवावे लागतात. तेव्हा संपूर्ण घाट न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये पाय दाबून उतरणे म्हणजे ऐंशीच्या वेगातून वीस-बावीस वेळा गाडी थांबवणे, तेही डिस्कला थंड व्हायला उसंत न देता. दुसऱ्या गिअरमध्ये उतरले तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते. सरांनी मला सरळ विचारले, "तू कोणत्या गिअरमध्ये उतरतोस?" मी बहुतेक वेळा चौथ्यात असतो, हे मला सांगावे लागले.

दुसऱ्या संध्याकाळी दाजी मायक्रोमीटर घेऊन आले. घरी मी व्हर्नियरने मोजले होते आणि १९.१ मिलिमीटर भरले होते. डिस्कवर किमान जाडी १८ कोरलेली असल्यामुळे अजून बराच जीव आहे असे मी धरून चाललो होतो. दाजींनी डिस्कच्या बाहेरच्या काठावरून माझे बोट फिरवले. तिथे गंजाचा आणि न झिजलेल्या लोखंडाचा एक उंच ओठ होता. गेल्या वर्षी लेथवर फिरवतानाही तो तसाच ठेवलेला होता. माझ्या व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर टेकत होते. काठापासून सेंटिमीटरभर आत, जिथे पॅड खरोखर घासतो, तिथे त्यांनी आठ जागी माप घेतले. सर्वांत जास्त १८.२४ आणि सर्वांत कमी १८.२० असे आकडे निघाले. हा ०.०४ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसणे शक्य नाही, पण स्टिअरिंग थरथरायला तेवढा पुरतो. पुन्हा लेथवर चढवावी तर डिस्क किमान जाडीच्या खाली जाणार, म्हणून नवी घेण्यावर एकमत झाले. मात्र "वाकली" हा शब्द दाजींनी ठामपणे नाकारला.

त्यांच्या मते बहुतेक वेळा डिस्क वाकत नसते. डिस्क ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावर गंज साचतो, त्यावर डिस्क किंचित तिरपी बसते, आणि मग ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्यात तिची तीच जागा पॅडला चाटून जाते. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा इतरांपेक्षा पातळ होते. अण्णांनी यावर तापलेल्या डिस्कवर डबक्याचे पाणी उडण्याची गोष्ट काढली. दाजींनी तिच्यापेक्षा दुसरीच सवय वाईट ठरवली: घाट उतरून लगेच नाक्यावर पाय दाबून उभे राहणे. तापलेल्या पॅडचा माल त्यामुळे डिस्कवर एकाच जागी उमटतो. गाडी सपाटीवर आली की दोन-तीन किलोमीटर ब्रेक न दाबता चालवावी आणि डिस्कला वारा लागू द्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

जुने पॅड पाहिल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. डाव्या चाकाचा आतला पॅड तीन मिलिमीटरवर आला होता आणि बाहेरचा सहावर. याचा अर्थ पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लायडर पिन जाम झालेली होती. अशा गाडीला कितीही भारी डिस्क घातली तरी ती वर्षभरात पुन्हा बिघडली असती.

पॅडच्या बाबतीत "कडक म्हणजे चांगला" हा अण्णांचा समज सरांनी खोडून काढला. काही पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले थंड असतानाच्या घर्षणाचे आणि दुसरे तापल्यावरच्या घर्षणाचे. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटात जाणाऱ्याने दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा उतरलेले नाही एवढे पाहावे. कडकपणाचा या अक्षरांशी संबंध नाही. सिरॅमिक पॅड चाकांवर काळी भुकटी कमी टाकतात आणि आवाजही कमी करतात. माझ्या छोट्या गाडीला त्यापलीकडे त्यांचा फायदा कोणी दाखवू शकले नाही. मूळ मापाची साधी, मधून हवा खेळणारी डिस्क आणि कंपनीच्या दर्जाचे 'एफएफ' पॅड, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, हे ठरले.

तरीही मला ज्याची खरी धास्ती होती त्याचा उलगडा यातून होत नव्हता, आणि तो तिसऱ्या संध्याकाळी अण्णांनीच केला. त्यांनी विचारले, "पॅडल खोल गेले, की पॅडल घट्ट राहून गाडी थांबेना?" हा प्रश्न रोज घाट उतरणाऱ्यालाच सुचावा. पॅडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर पॅड तापून त्यांची पकड सुटलेली असते; पॅडल खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. माझे पॅडल खाली गेले होते आणि ऑइल चार वर्षांपूर्वीचे होते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आमच्या पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. डॉट ३ या दर्जाचे ऑइल नवे असताना २०५ अंशांच्या खाली उकळू नये असा निकष आहे आणि ओलावा मुरल्यावर १४० अंशांचा. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे तीन दिवस आम्ही डिस्कवर भांडलो, आणि घाटात माझा ब्रेक जवळजवळ हिरावून घेणाऱ्या ऑइलकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते. गॅरेजवाल्याने तर त्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता, आणि याचा मला अजून राग आहे.

रविवारी सकाळी दाजींच्या दारात काम झाले. ब्रेक होजवर ताण येऊ नये म्हणून कॅलिपर तारेने वर बांधून ठेवला, पिना साफ करून रबराला न खाणारे ग्रीस लावले, हब तारेच्या ब्रशने लोखंड चमकेपर्यंत घासला, नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल पुसून काढले. डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा उजव्या बाजूला ०.०३ मिलिमीटरवर स्थिरावला. डाव्या बाजूला ०.०७ आले. माझ्या दृष्टीने ते चालण्यासारखे होते, पण दाजींनी डिस्क काढली, एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवली, नट आडवे-उभे आवळले आणि काटा पुन्हा फिरवला. ०.०३.

नवे डॉट ४ ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्यावर खानापूर रस्त्यावर साठाच्या वेगातून वीसपर्यंत दहा वेळा, कुठेही पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने ब्रेक लावत नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले. अण्णा शेजारी बसले होते. परत येताना त्यांनी स्टिअरिंगवर नुसता तळवा ठेवायला लावला आणि ऐंशीवरून ब्रेक दाबायला सांगितले. हाताला काही जाणवले नाही. "चऱ्यांची असती तर पावसात अजून लवकर पकडली असती की," एवढे म्हणून त्यांनी विचारले की पुढच्या रविवारी दाजी मोकळे आहेत का, कारण अण्णांच्या गाडीचा हब त्यांनी स्वतः कधी पाहिलेला नव्हता.