लाल ओढणीपासून डावीकडे

मी घरून काम करते, हा माझा गुन्हा. आमच्या गल्लीच्या मते घरून काम करणारी बाई म्हणजे घरीच असणारी बाई आणि घरीच असणारी म्हणजे रिकामी, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि नगरसेवकाला फोन केला की "आता मी माजी आहे हो" असं ऐकू यायला लागलं, तेव्हा सगळ्यांच्या तक्रारी आपोआप माझ्या दारात यायला लागल्या. निवडणूक नाही, शपथ नाही, चौकात फ्लेक्स नाही. (फ्लेक्सचं जरा वाईट वाटतं.)

पहाटे साडेपाचला फोन, "वहिनी, पाणी नाही आलं." अहो मी काय टाकीत झोपते का?

पण खरी अडकले ते गेल्या वर्षी जूनमध्ये. वळणावरच्या चेंबरचं झाकण टेम्पोखाली फुटलं, कोणीतरी भोकात गुलमोहराची फांदी रोवली आणि ती दिसावी म्हणून मी तिला माझी जुनी लाल ओढणी बांधली. मग क्षेत्रीय कार्यालयात गेले. ड्रेनेजवाले म्हणाले, झाकण रस्त्यात आहे ना, मग पथ विभाग. पथवाले म्हणाले, रस्ता आमचा, भोक त्यांचं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "चेंबर आमचं असतं ना मॅडम, तर उद्याच केलं असतं." इतकं छान मला त्या इमारतीत दुसरं कोणीच बोललेलं नाही.

शेवटी ॲपवर तक्रार टाकली. तीन दिवसांत मेसेज, निराकरण झाले आहे, सोबत फोटो. कोरं करकरीत झाकण आणि शेजारी पानाची टपरी. आमच्या गल्लीत पानाची टपरी नाहीये.

गल्लीला याचं काही नव्हतं. समोरच्या आजोबांचा प्रश्न वेगळाच, कोकिळा पहाटे चारपासून ओरडते, कोणाला सांगायचं? मी वैतागून म्हणलं, उद्यान विभागाला. तर ते खरंच रिक्षा करून गेले, अर्ज दिला आणि आवक क्रमांक घेऊन आले! मला आवक क्रमांक मिळायला तीन फेऱ्या पडल्या होत्या.

आचारसंहिता लागायच्या आधी एका सकाळी दोघं जण आले, वीस मिनिटांत झाकण बसवलं, फांदी उपटली आणि ओढणी घडी करून मला परत दिली. म्हणलं चला, सुटले. तर संध्याकाळी पहिली तक्रार आली, "वहिनी, ओढणी का काढली? पार्सलवाले चुकतायत." सहा महिने अख्खी गल्ली पत्ता सांगत होती, लाल ओढणीपासून डावीकडे.

मग या जानेवारीत मतदान झालं. प्रभागात चार जागा, चार वेळा बटण दाबलं, एवढी वर्षं एकही नव्हता आणि आता एकदम चार नगरसेवक. निकालाच्या दिवशी मी फोन सायलेंटवर टाकून दुपारी मस्त झोपले.

आठवड्याने अनोळखी नंबर. चारांपैकी एकाच्या ऑफिसातून.

"मॅडम, भाऊंनी तुमच्याशी बोलून घ्यायला सांगितलंय. तुमच्या भागात काय काय कामं राहिलीत त्याची यादी पाहिजे होती. तिकडे चौकशी केली तर सगळे म्हणाले, ओढणीवाल्या मॅडमना विचारा."

यादी दिली. पहिल्या नंबरला कोकिळा टाकली.