खुलासा : जुन्या पगड्या-टोप्यांना कडक ऊन आणि डांबरगोळ्या नकोत

‘गावच्या संग्रहातली जुनी पागोटी, टोप्या, शेले मे महिन्यात दोन दिवस उन्हात टाका, मग डांबरगोळ्या घालून पेटीत बंद करा,’ असा संदेश विदर्भातल्या गावागावांत फिरतो आहे. कृपया असे करू नका.

४५ अंशांच्या उन्हात रंग उडतो, रेशीम ठिसूळ होते, आणि ही हानी भरून येत नाही. डांबरगोळ्यांचा वास माणसांना अपायकारक. प्लॅस्टिकची बटणेही त्याने मऊ पडू शकतात.

कसर (कापड खाणारी कीड) लागलीच असेल तर वस्तू कोरड्या मांजरपाटात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा पुरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरते. ओलसर वस्तू तर फ्रीजरमध्ये मुळीच ठेवू नका.

बांधलेली पगडी उलगडू नका, पीळ पुन्हा तसा बसत नाही. आत धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटाचा बोळा भरा. गांधी टोपी घडीवरच फाटते, म्हणून घडीत कापडाची सुरळी ठेवा. रद्दी पेपर वापरू नका, त्यातले आम्ल कापड पिवळे पाडते. काळी पडलेली जरतार लिंबाने घासू नका, मुलामा जातो.

पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीची भीती; तेव्हा दर आठवड्याला पाहणी करा.